दुसऱ्या गाडीचा गिअरबॉक्स

पनवेलच्या कोळीवाड्यात दोन हजार सालानंतर गाड्या पुष्कळ झाल्या, पण कमलाकर नाखवाची गाडी चालवायला कुणी मागत नसे. मागून उपयोगही नव्हता. तिला क्लच नव्हता. मधोमध एक दांडी, दांडीशेजारी इंग्रजी अक्षरं आणि पायाशी दोनच पेडलं. जन्मभर टेंपो हाणलेले जाणते ड्रायव्हरही तिच्यात बसले की सवयीनं डाव्या पायानं क्लच म्हणून ब्रेकच दाबायचे, आणि आतली सगळी मंडळी पुढच्या काचेला भेटायला जायची. असं दोनतीनदा झाल्यावर कोळीवाड्यानं ठरवून टाकलं की ही गाडी एका पायाच्या माणसासाठीच बनवलेली आहे, धडधाकट माणसानं तिच्या वाटेला जाऊ नये.

कमलाकरचा डावा पाय गुडघ्याखाली नव्हता. अठ्ठ्याण्णव साली उरणच्या बाजूला एका खाजगी कंटेनर यार्डात तो ट्रेलरच्या चाकाखाली गेला. त्यानंतर काही वर्षं कमलाकर जयपूर फूट लावून ओट्यावर बसून होता. येणाऱ्याजाणाऱ्याला राम राम करायचा आणि संध्याकाळ झाली की आत जायचा. त्याची बायको शकू पहाटे बाकीच्या कोळणींबरोबर टेंपोनं करंजाला जायची, जेट्टीवर बोटी लागल्या की लिलावात म्हावरं घ्यायची आणि पनवेलच्या मासळी बाजारात आणून विकायची. यार्डाकडून भरपाई मिळाली तेव्हा तिचं काय करायचं यावर भाऊबंदांत जोरदार चर्चा झाल्या. भाऊबंदांना दुसऱ्याच्या पैशाची काळजी फार असते. त्यांचा निकाल लागायच्या आत शकूच वाशीला जाऊन एका डॉक्टरची जुनी पांढरी गाडी बघून आली. "हिला डावा पाय लागत नाय," एवढंच ती म्हणाली. चर्चा तिथं संपली.

तेव्हापासून दहा वर्षं हे दोघं पहाटे पनवेलहून निघायचे, गव्हाण फाटा, जासई, उरण करत करंजाला जायचे. शकू पुढं बसायची, पायांत प्लॅस्टिकचा टब धरून. जाताना टबात रिकामं बारदान, येताना बर्फ आणि म्हावरं. जेट्टीवर ती एकटीच उतरायची. तिथली फरशी शेवाळलेली, वरून बर्फाचं आणि माशांचं पाणी. रबराच्या पायानं तिथं चालणं म्हणजे हौसेनं आपटून घेणं. "तुमी वर बसा," शकू म्हणायची, आणि कमलाकर वर रस्त्याला गाडीत बसून राहायचा. इंजिन चालू, खिडकी अर्धी उघडी, खालून लिलावाचा कालवा. दहा वर्षांत तो एकदाही खाली गेला नाही.

गाडी म्हातारी झाली तशी तिला एक खोड लागली. वेग चाळीसच्या आसपास गेला की ती आतल्या आत गिअर बदलताना एक हिसका द्यायची. गव्हाण फाट्याच्या चढाला तर नेमानं द्यायची. येताना त्या हिसक्यानं टबातलं पाणी उसळायचं. म्हणून कमलाकरचा डावा हात, जो या गाडीत मोकळाच असायचा, हिसक्याच्या आधीच टब धरायला शकूच्या गुडघ्याकडे जायचा. शकू त्यावर आपला ओला हात ठेवायची आणि म्हणायची, "समोर बगा." हे इतक्या वेळा झालं होतं की दोघांपैकी कुणाचंच त्याकडे लक्ष राहिलं नव्हतं.

शकू गेली ती २०१३च्या दसऱ्यानंतर चारआठ दिवसांत. जेट्टीवरच गेली. लिलाव चालू असताना छातीत कळ आली आणि खाली बसली ती आडवीच झाली. खाली आरडाओरडा झाला. वर गाडीत बसलेल्या कमलाकरनं तो ऐकला. लिलावात भांडणं रोजचीच, त्याला वाटलं आजही कुणीतरी कुणाची बोली तोडली असेल. त्यानं खिडकीची काच वर केली. माणसं तिला खाटेवर घालून वर घेऊन आली तेव्हा त्याला कळलं, आणि तेव्हा कळून काही उपयोग नव्हता.

तिला टेंपोतून पनवेलला आणली. गाडी तिथंच रस्त्याच्या कडेला राहिली, बंपरला दसऱ्याचा झेंडूचा हार घालून.

यानंतरचं कमलाकरचं वागणं लोकांना फार समजूतदार वाटलं. रडला नाही, ओरडला नाही, जेवायला वाढलं की जेवला. "घट्ट मनाचा हाय," असं लोक म्हणाले. मन घट्टबिट्ट काही नव्हतं. त्याला काही होतच नव्हतं, एवढंच. इतकी वर्षं त्याचा नसलेला पाय थंडीत ठणकायचा. जिथं हाड नाही, मांस नाही, तिथं दुखायचं. डॉक्टर म्हणाले होते, असं होतं. शकू गेल्या दिवसापासून तोही दुखायचा थांबला.

दहाव्याला सगळे खाडीवर गेले. पिंड ठेवला. कावळे झाडावर बसले होते, पण खाली यायला तयार नव्हते. मग रीतीप्रमाणे एकेकानं पुढं होऊन शकूला शब्द द्यायला सुरुवात केली. पुतण्या निकेश म्हणाला, घराकडं बघीन. कुणी म्हणालं, वर्षश्राद्ध नीट करू. कावळे ढिम्म. ऊन चढलं. शेवटी सगळे कमलाकरकडे वळले. "भावजी, तुमी बोला काय तरी," शकूच्या शेजारी बसून मासळी विकणारी गोदू म्हणाली. कमलाकर पुढं झाला, उभा राहिला, तोंड उघडलं आणि मिटलं. बोलायचं काहीतरी होतं, ते काय होतं ते त्याला सापडेना. तो मागं येऊन उभा राहिला.

तेव्हा त्याचा मुलगा कल्पेश जोरानं म्हणाला, "आये, बाबाला मी माज्या घरी उलव्याला घेऊन जाईन, काळजी करू नको." आणि त्याच दमात, डोळे पुसत पुसत, गोदू म्हणाली, "शके, तुजी बाजारातली जागा मी कोनाला बलकावू देनार नाय." आणि कावळा खट्‌कन खाली आला.

झालं. अर्धा कोळीवाडा म्हणे शकूनं लेकाचं ऐकलं, म्हाताऱ्याला उलव्याला जाऊ दे असं तिचंच म्हणणं आहे. अर्धा म्हणे कावळ्याचं तोंड गोदूकडं होतं. भजीच्या गाडीवर या विषयावर आठवडाभर वाद झाला. कमलाकरला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर तो "बरं" म्हणाला असता. तेव्हा तो सगळ्यालाच "बरं" म्हणत होता.

दहावं झाल्यावर निकेशला गाडीची आठवण झाली. तो कमलाकरला टेंपोत घालून करंजाला घेऊन गेला. इतके दिवस खाऱ्या वाऱ्यात उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी उतरली होती. टेंपोच्या बॅटरीला वायर जोडली असती तर पाच मिनिटांत काम झालं असतं. पण निकेश कोळ्याचा पोर. भर दर्यात मशीन बंद पडलं की दुसऱ्या होडीला दोर बांधायचा आणि ओढत बंदरात आणायचं, हे त्यांच्या रक्तात आहे. त्यानं टेंपोतून होडीचाच दोर काढला, त्याची पक्की कोळी गाठ मारली, कमलाकरला स्टिअरिंगवर बसवलं आणि ओरडला, "काका, फक्त सरल धरा!"

आता ही गाडी अशी ओढायची नसते. पुढची चाकं रस्त्यावर फिरतात, आतला गिअरबॉक्स फिरतो आणि इंजिन बंद असल्यानं त्याला तेल पोचत नाही. कोरडा फिरून फिरून तो जळतो. वाशीच्या डॉक्टरनं चावी देताना पहिली गोष्ट हीच सांगितली होती. कमलाकरला ती जासईच्या आसपास आठवली. हॉर्न वाजत नव्हता, पण हात बाहेर काढून हलवता आला असता. निकेश आरशात बघत होता. कमलाकरनं हात काढला नाही. का, असं त्याला नंतर गाडी दुरुस्त करणाऱ्या जगननं विचारलं, कल्पेशनंही विचारलं. तो दोरामागून जात होता, समोर टेंपोचा मागचा फाळका दिसत होता आणि कुणीतरी आपल्याला ओढत नेतंय हे त्याला पुरेसं वाटत होतं. गव्हाण फाट्याला जळकट वास यायला लागला. त्यानं काच खाली केली.

घरी आणून बॅटरी चार्ज केली. इंजिन झकास सुरू झालं, आणि दांडी कुठल्याही अक्षरावर टाकली तरी गाडी जागची हलेना.

कल्पेश वाईट मुलगा नव्हता, हे इथंच सांगितलेलं बरं. त्याची नोकरी एका शिपिंग ऑफिसात, घर उलव्याला सातव्या मजल्यावर, चारी बाजूंनी बांधकामं आणि डंपर. त्यानं बापासाठी गॅलरीतली सायकल काढून तिथं खुर्ची ठेवली, सून कोमलनं बाथरूममध्ये धरायला दांडा बसवून घेतला. "तुलशीचं लगीन झालं का निघू," कल्पेश म्हणाला. "बरं," कमलाकर म्हणाला. घराच्या चाव्या कुणाकडे ठेवायच्या? निकेशकडे. बरं. शकूची लुगडी वाटून टाकायची? बरं. गाडी भंगारात द्यायची? तिलाही तो बरंच म्हणाला.

भंगारवाला सकाळी आला. उत्तरेकडचा पोरगेला माणूस, खिशात पाना, कानाला मोबाइल. त्यानं गाडीभोवती एक फेरी मारली, पुढचं दार उघडलं आणि नाकाला रुमाल लावून मागं झाला. "अरे बाप रे! इसमें मरा क्या है?"

दहा वर्षांचं म्हावरं त्या सीटच्या कापडात मुरलं होतं. बोंबील, कोलंबी, बर्फाचं पाणी. कोळीवाड्याच्या नाकाला तो वास कधी आलाच नव्हता. कमलाकर ओट्यावर बसला होता. तो उठला, कुबडी न घेता चालत गेला, त्या माणसाच्या हाताखालून दार ओढून घेतलं आणि लावलं.

"नाय द्याची," तो म्हणाला.

"बाबा, ती चालत नाय," कल्पेश म्हणाला.

"चालवू."

"तुमी एकले हितं ऱ्हानार कसे? बाजार कोन करील, डॉक्टरकडं कोन नेईल?"

"गाडी चालली का मी जाईन."

कल्पेशला बापाच्या तोंडून इतके शब्द एकदम ऐकायची सवय राहिली नव्हती. मग पनवेलकर शेवटी करतो तसा व्यवहार त्यानं केला. "बरं, आसं करू. तुलशीच्या लग्नापर्यंत गाडी चालली तर ऱ्हावा हितं, मी काय बोलनार नाय. नाय चालली तर उलव्याला. आईनं कावला शिववलाय, माज्या शब्दाला." कमलाकरनं मान हलवली. म्हणजे सगळं आता त्या गिअरबॉक्सवर येऊन थांबलं: तो फिरला तर घर, नाही फिरला तर सातवा मजला.

जगन मिस्त्री मूळचा बेलपाड्याचा. सिडकोनं जमीन घेतली तेव्हा भावांनी बंगले बांधले, यानं कळंबोलीला गॅरेज टाकलं आणि ट्रकचे गिअरबॉक्स उघडण्यात हात काळे केले. ऑटोमॅटिक त्यानं आयुष्यात उघडला नव्हता आणि तसं तो मोकळेपणी सांगायचा, ही त्याच्यातली मोठीच गोष्ट. "दादा, हा डबा खोलायचा नसतो. आत नुसत्या चकत्या आनि भोकं. खोलला तर परत माज्या बापाला पन लावता येनार नाय. हा बदलायचा. याच मॉडेलची दुसरी गाडी कुठं मेली आसंल ती शोधू." नवा मिळेल का, कल्पेशनं विचारलं. जगन हसला. "नव्याच्या किमतीत दोन गाड्या येतील. जुनाच घेऊ, पन कमी मेलेला."

तळोज्याच्या बाजूला एका भंगाराच्या वाड्यात दोन सापडले. एक ताडपत्रीवर ठेवलेला, रॉकेलनं धुऊन लख्ख केलेला, अॅल्युमिनियम कसं चांदीसारखं. दुसरा अजून गाडीतच होता. मागून ठोकलेली गाडी, डिकी मागच्या सीटपर्यंत आत आलेली, पुढचं सगळं जागच्या जागी, पण चिखलानं, तेलानं असं माखलेलं की हात लावायची इच्छा होऊ नये. वाडेवाला म्हणाला, "चाचा, वो साफवाला लेके जाओ, एकदम मक्खन है." जगनलाही साफवालाच पटला. तो ज्या गाडीतून काढला तिचं काय झालं, असं त्यानं विचारलं, तर वाडेवाल्याचा फोन वाजला.

कमलाकर उभा होता. त्याला दोन्हींबद्दल काहीच वाटत नव्हतं. पण हातांना त्यांची सवय असते. त्यानं ताडपत्रीवरच्या गिअरबॉक्समधून तेल बघायची काडी ओढली आणि पांढऱ्या रुमालाला पुसली. मग जाऊन त्या चिखलातल्या गाडीची काडी ओढली, ती रुमालाच्या दुसऱ्या टोकाला पुसली. साफवाल्याचा डाग काळपट तपकिरी. घाणेरड्याचा लाल. त्यानं दोन्ही टोकं नाकाला लावली. पहिल्याला गव्हाण फाट्याचा जळका वास होता. दुसऱ्याला नुसत्या तेलाचा.

शकू येताना गाडीत त्याला असंच दाखवायची. सुरमईचा कल्ला बोटानं उचलायची: "हा बगा, लाल हाय ना? ताजा. काला पडला का शिला. आनि धुतलेलं म्हावरं कदी घेऊ नये. धुतो तो लपवतो." दर वेळी दाखवायची, जसं काही तो उद्यापासून धंद्याला बसणार होता. तो "बरं" म्हणायचा आणि समोर बघायचा.

"हा," कमलाकर चिखलाकडे बोट करून म्हणाला.

"दादा, तो घान हाय."

"कल्ला लाल हाय त्याचा."

जगननं रुमाल बघितला, स्वतः वास घेतला आणि वाद घातला नाही. "यातल्या मान्सांचं काय झालं?" मागं चेपलेल्या डिकीकडे बघत त्यानं वाडेवाल्याला विचारलं. "सब सलामत. खाली पीछे का डिब्बा गया." खरं की खोटं देव जाणे. कमलाकरनं विचारलं नसतं. त्याला विचारायची ताकद नव्हती.

गॅरेजात गाडी चढवली. इंजिनाला साखळीचा आधार दिला, चाकांकडे जाणारे दांडे सोडवले, जुना गिअरबॉक्स ट्रॉली जॅकवर उतरवला. जळक्या तेलाचा काळा ओघळ फरशीवर पडला. कमलाकर रोज रिक्षा करून यायचा, टायरवर बसायचा आणि बघायचा. कोळीवाड्यातलेही कुणी ना कुणी यायचे. फुकटचं बघायला मिळत असेल तर आपली माणसं कळंबोलीपर्यंत काय, पुण्यापर्यंत जातील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये थाळीच्या आकाराचा एक जड गोल डबा असतो. तो खाचांत पूर्ण बसायच्या आधीच बोल्ट आवळले तर आतला पंप फुटतो आणि सगळी मेहनत मातीत जाते. हे जगनला कुणीतरी फोनवर सांगितलं होतं. तो गोल डबा हातानं फिरवत, दाबत, शिव्या देत बसला. शेवटी डबा ठक्क करून खाचांत बसला तेव्हा जगननं हनुमानाच्या फोटोला हात जोडले.

तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी नवं लाल तेल भरलं आणि गाडी खाली उतरवली. कल्पेश ऑफिसातून सुटी काढून आला होता. कमलाकर स्टिअरिंगवर बसला. दांडी मागं टाकली, गाडी गुपचूप मागं आली. टाळ्या वाजल्या. दांडी पुढं टाकली. इंजिनाचा आवाज वाढला, आणि गाडी तिथंच.

"काका," निकेश म्हणाला, "उलट्या तोंडानं का होईना, उलव्याला पोचाल!"

सगळे हसले. कल्पेश हसला नाही, आणि जगन तर घामानं निथळला. तो पुन्हा गाडीखाली गेला. कमलाकर स्टिअरिंग धरून बसून राहिला. तेव्हा त्याला कळलं की आपण श्वास धरून ठेवलाय आणि आपले पंजे पांढरे पडलेत. म्हणजे आपल्याला हे हवंय. इतक्या दिवसांत त्याला काहीतरी हवंसं वाटलं होतं, आणि त्याची त्याला भीतीच वाटली. खालून जगनचा आवाज आला: दांडीची वायर एक खाच चुकून लागली होती. त्यानं ती सोडली, सरकवली, आवळली. "आता टाका दादा." कमलाकरनं दांडी पुढं टाकली आणि गाडी गॅरेजच्या फाटकातून अशी निघाली की निकेशला उडी मारून बाजूला व्हावं लागलं.

कल्पेशनं जाताना बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "शब्द म्हनजे शब्द," तो म्हणाला. पण तोंड पडलं होतं. बापाला एकटं सोडायचं म्हणजे त्यालाही सोपं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे गोदू दारात उभी. हातात टब. "भावजी, करंजाला जाता का? टेंपोवाला माजलाय." ती पुढं बसेना. टब पुढच्या सीटच्या पायाशी ठेवला, एक लिंबू चाकाखाली ठेवलं, "दुसऱ्या गाडीचा आत्मा हाय आत, काय सांगता येत नाय" असं म्हणाली आणि मागं जाऊन बसली.

रस्त्याला ट्रेलरांची रांग होती. गाडी पाण्यावरून जावी तशी जात होती. गव्हाण फाट्याचा चढ आला. काटा चाळीसकडे सरकला, आणि कमलाकरचा डावा हात आपसूक उठला, डावीकडे गेला आणि थांबला.

हिसका आलाच नाही. गिअर कधी पडला ते कळलंही नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी गाडीचा गिअरबॉक्स, त्याला या घरची खोड कशी माहीत असणार? हात रिकाम्या सीटवर टेकला होता. सीट थंड होती. वर कुणाचा हात आला नाही, समोर बगा म्हणून कुणी सांगितलं नाही.

कमलाकरनं हात परत घेतला नाही. तसाच ठेवून, एका हातानं, त्यानं जासई पार केली. मागं गोदूच्या ते लक्षात आलं. ती बोलकी बाई, पण उरण येईपर्यंत खिडकीतून बाहेर बघत राहिली.

करंजाला नेहमीच्या जागी गाडी लावली. "तुमी वर बसा," गोदू म्हणाली. तिला बिचारीला काय माहीत ती काय म्हणतेय. टब घेऊन ती उतरून गेली. कमलाकर बसला. इंजिन चालू, खिडकी अर्धी उघडी. बोटी लागल्या, लिलाव सुरू झाला, आणि थोड्या वेळानं खालून आरडाओरडा आला. कुणीतरी कुणाची बोली तोडली होती. रोजचंच.

त्याचा हात काचेच्या बटणावर गेला. तसाच गेला होता तेव्हाही.

त्यानं इंजिन बंद केलं आणि दार उघडलं.

उतार त्याला वाटला होता त्याहून वाईट होता. कुबडीचं टोक शेवाळावरून सरकत होतं. बायका टोपल्या घेऊन वर चढत होत्या, त्या वाट सोडून बघत राहिल्या. कुणी हात द्यायला आलं तर त्यानं मान हलवली. खाली पोचेपर्यंत त्याचा सदरा भिजला. शकू कुठं पडली होती ते त्यानं कुणाला विचारलं नाही, कारण लिलावातल्या शकूच्या जागेवर आता गोदूच उभी होती, टब पायाशी ठेवून, त्याला बघून तोंडावर हात घेतलेली. तिथं फरशीवर बर्फाचं पाणी वाहत होतं आणि कुणाची तरी सांडलेली मांदेली मासळी पडली होती. कावळे होते, पुष्कळ होते. त्यांना मांदेली हवी होती.

"शके," कमलाकर म्हणाला, "मी आलो गं खाली."

दहाव्याला त्याला सापडलं नव्हतं ते हेच. आता सापडलं आणि बोलूनही झालं. आणि मग, इतक्या दिवसांनी, त्याचा डावा पाय ठणकायला लागला. जो नव्हता तो. असा ठणकला की तो गोदूचा खांदा धरून उभा राहिला आणि लहान मुलासारखा, आवाज काढून, सगळ्या लिलावासमोर रडला. लिलाव थांबला. मग कुणीतरी हलक्या आवाजात पुन्हा बोली सुरू केली.

खिशातला मोबाइल वाजला. गोदूनंच तो काढून त्याच्या कानाला लावला. कल्पेश होता.

"बाबा, गाडी नीट चालली का? कुठं हाव तुमी?"

"चालली," कमलाकर म्हणाला. नाक पुसलं. "खाली हाय. जेट्टीवर."

लहानपणापासून आईबरोबर कल्पेश कितीदा करंजाला आला होता. बाप खाली कधी जात नाही हे त्याला माहीत होतं आणि त्या दिवशीही तो वरच होता हेही माहीत होतं. फोनमधून उलव्याच्या डंपरांचा आवाज येत राहिला.

"बरं," कल्पेश शेवटी म्हणाला. "वर चढताना गोदूमावशीचा हात धरा."